दर ढिगाला लाभ

माझं माहेर पिंगळीचं. ठेसनाच्या अंगाला घर, मालगाडी आली की आमी भावंडं पळत जायचं आन् डबे मोजायचं, माझा आकडा कधी चुकला न्हाई, म्हणून बापानं सातवीपर्यंत शिकवलं, आन् तेवढ्यावर मी पालमकडच्या या गावात सून म्हणून आले आन् बालवाडीची बाई झाले. बालवाडी कुठं, तर आमच्या बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात. दिवस कसले, काय सांगू तुमाला, विद्यापीठाच्या नामांतराचे, गावानं एकमेकाकडनं तोंडं फिरवलेली. वरच्या आळीतलं एक लेकरू यायचं न्हाई. मी आपली चिंचोके, सरकी, ज्वारीच्या धाटाचे तुकडे घेऊन वस्तीतल्या लेकरांत बसायची.

वरनं पैली आली ती कौशी. आली कसली, धाडली. धोंडिबामामा मापारी, समद्या गावाच्या खळ्यावर धान्य मापणारा माणूस, त्याची ही लेक आन् तिलाच बेरीज येईना. चार आन् तीन किती, तर पाच. शाळेतल्या गुर्जींनी पैलीतनं उठवली, म्हणले हिला डोकंच न्हाई, बालवाडीत बसवा. मामा घेऊन आले ते बाहेर लिंबाखालीच थांबले, आत पाय टाकला न्हाई. म्हणले बाई, सुगीची रास होईस्तोवर बघतो, न्हाई जमलं तर जाईल मायसंग शेतात, मापाऱ्याची लेक म्हणून पोरं हसायलेत तिला, मला खळ्यावर तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई. पोरगी मान खाली घालून उभी.

मी लय हट्टी, माझा नवरा आजबी म्हणतो, हिच्या नादी लागू नका. बसले कौशीपुढं चिंचोके घेऊन. एक ढीग मांडला, सहा होते, ती म्हणली पाच. दोन ढीग मांडले, दोननं कमी. तीन मांडले, तीननं कमी! आगं बया, म्हणलं, ही चुकती खरं, पण शिस्तीत चुकती, आन् डोकं नसलेलं लेकरू असं शिस्तीत चुकतंय व्हय? मग बघितलं, दर ढिगाच्या पैल्या चिंचोक्याला तिचे ओठ हलायचे आन् आवाज फुटायचा न्हाई. काय म्हणालीस गं, तर रडायला लागली. शाळेत कायतरी म्हणली व्हती, त्याला गुर्जींनी पट्टी मारलेली. सांगायलाच तयार न्हाई.

तवर राशी सुरू झाल्या. मी कुणाच्या तरी खळ्यावर भाकरी पोचवायला गेले, तर मामा मापायलेत. पैलं माप उचललं आन् म्हणले लाभ, मग दोन, मग तीन. पैल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतेत, देवाचं नाव घेतल्यागत. माझ्या हातातली भाकरी तशीच ऱ्हायली. लेकरू बापाच्या मांडीशी बसून हेच शिकलं व्हतं, फक्त तिला वाटलं लाभ देवाचा, तो मोजायचा न्हाई, आपलं एक त्याच्यानंतर. आन् नवा ढीग म्हंजी नवा लाभ!

मी तशीच मामाम्होरं गेले, म्हणलं मामा, लेकीचं डोकं ठीक हाय, ती तुमचंच मोजणं मोजायली, उद्या माप घेऊन बालवाडीत या, आन् गुर्जींनाबी मीच बोलावते. मामा परत मापायला लागले. मला वाटलं, हे काय आमच्या वाड्यात येत न्हाईत. पण दुसऱ्या दिवशी आले की हो! लिंबाखाली चपला काढल्या आन् सरळ आत. कौशीला जवळ घेतलं, म्हणले येडे, लाभ म्हंजीच एक, देवाचं मापबी मोजायचं, आन् दोन ढीग एका घरी न्यायचे असले तर लाभ एकदाच. बास, एवढंच. लेकरू हासलं. मग मामांनी ज्वारीचे दोन ढीग मापले, आठ मापं आन् सात मापं. गुर्जीबी आलते, म्हणले, सांग. कौशी म्हणली पंधरा. गुर्जींनी नऊ आन् सहा घातले, परत पंधरा. दहा आन् पाच, तर ती त्यांचं बोलणं संपू देईना, म्हणली गुर्जी, इकडनं एक काढून तिकडं टाकायलाव तुमी, पंधराच ऱ्हाणार! माझी वस्तीतली लेकरं टाळ्या पिटायला लागली. गुर्जींनी पट्टी पिशवीत घातली आन् हात धरून तिला पैलीत नेली. मामांनी त्या दिवशी आमच्यात च्या पिला, आन् म्होरच्या हप्त्यात वरच्या आळीतली सहा लेकरं आली. मी लय रडले, खुशीनं.

आता कौशी परभणीला कालेजात हाय. औंदा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आन् औंदाच मामांची नजर गेली, तर राशीला गावी येऊन खळ्यावर माप कौशी धरायली. बाईमाणूस कुठं मापतं का, म्हणले लोक, मामा म्हणले तिचं मोजून बघा. आमच्या जमिनीच्या तुकड्यातली ज्वारी मापायला आली, पैलं माप उचललं, माझ्याकडं बघितलं आन् साऱ्या रानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणली, लाभ! देव तिच्या हाताला असंच यश देवो.