ठिपक्यांच्या कोंबडीनं कुणाला परकं म्हटलं?

मंडळी, जरा पुढं सरका. मागं भिंतीला टेकलात की डोळे मिटतात. आणि मिटलेले डोळे चिंतनाचे की झोपेचे, हे मला इथून कळत नाही! देवाला कळतं, पण तो चहाड्या करत नाही.

आज एकच विचारतो. घरचा कोण — आणि परका कोण? सोपं वाटलं ना? दारावर ज्याचं नाव, तो घरचा! बरं. आता ऐका.

आजऱ्याकडच्या एका वाडीत, डोंगराच्या कुशीत, काजूच्या सावलीत आनसूबाई राहायची. एकुलता लेक रवळू गोव्याला हॉटेलात नोकरीला. वर्षातून एकदा, जत्रेला घरी. सून सुगंधा वाडीतच — दोन म्हशी आणि एक सासू सांभाळत. त्यात जड कोण, ते विचारू नका!

एकदा सुगंधा माहेराहून आली ती डालग्यात पाच-सहा पाखरं घेऊन. गिनी कोंबडी म्हणतात तिला. राखी अंग, त्यावर पांढरे ठिपके. जणू सांजेच्या आभाळावर कुणी तांदळाच्या कण्या उधळल्या! रूप असं. आणि गळा? अरे देवा! विहिरीचा गंजका रहाट बरा!

"ही कसली ब्याद आणलीस गं?" सासू कडाडली.

"आत्याबाई, म्हशींच्या गोचिडी खात्यात ती."

"गोचिडी खात्यात, आन माझं कानबी खात्यात!"

खोटं नव्हतं हो! पण गुणही ऐका. महिना-दोन महिन्यांत गोठ्यातल्या गोचिडी घटल्या, म्हशी निवांत रवंथ करू लागल्या. मेथीच्या वाफ्यात ही पाखरं फिरायची, किडा-टोळ टिपायची. गावठी कोंबडीसारखं उकरून वाफ्याचा सत्यानाश नाही. अंगणात साप आला, तर भोवती रिंगण धरून असा गलका, की तो बिचारा आल्या वाटेनं परत!

आणि अवगुण? खुराड्यात जातील तर शपथ! झोपायचं फणसावर. अंडी घालायची दुसऱ्याच्या कुंपणात. पिल्लं झाली की आई त्यांना सकाळच्या दवातून फिरवणार, आणि निम्मी गारठून मरणार. म्हणून सुगंधा अंडी उबवायला बसलेल्या खुडूक गावठी कोंबडीखाली ठेवायची. पोटची आई एक, सांभाळणारी दुसरी! आणि ओरडणं तर काय — चोर आला, ओरड. गुरांचा डॉक्टर आला, ओरड. पाहुणा आला, त्याच्या नावानं दुप्पट ओरड! रोजचं पाऊल सोडून दुसरं पाऊल अंगणात पडलं, की झालं सुरू.

आनसूबाई ओट्यावर बसून दिवसभर त्यांना शिव्या घालायची. "मुडद्यांनो! वाळवण सोडा! घसा बसंल तुमचा!" शेवटी एके दिवशी तिचा तोल गेला.

"जत्रंला येऊ दे रवळूला. एकूण एक पाखरू रश्श्यात घालते! घरचा मानूस आला, की कळंल तुला, हितं कुणाचं चालतं!"

मंडळी, सुगंधाला पाखरांचं दुःख होतंच. पण काळजात रुतलं काय? 'घरचा मानूस'! शेण काढते मी, पाणी भरते मी, सासूचे गुडघे चोळते मी. मग मी कोण? ती ओच्यातले दाणे टाकत राहिली.

ठिपक्यांचं पाखरू, त्याला नात्याची कुठं जाण?
रोज हाती ज्याच्या दाणं, त्याला म्हणतंया आपुला!

जत्रेचा दिवस. आनसूबाईनं सकाळीच विळी धुऊन ठेवली, वाटण वाटलं. भर दुपारी रवळू आला. काळा चष्मा, करकरीत बूट, हातात मिठाईचा पुडा. अंगणात पाऊल टाकलं मात्र —

काय गलका! सगळी पाखरं त्याच्याभोवती! तो डावीकडं सरकला, ती डावीकडं. तो उजवीकडं, ती उजवीकडं. शेजारचा गुंडू काठी घेऊन धावला. "चोर! धरा चोर!"

"आरं गुंड्या, मी हाय, रवळू!"

"मेल्यांनो," आनसूबाई ओट्यावरून ओरडली, "मालक हाय त्यो! गप ऱ्हावा!"

गप? कोण गप बसतंय! मग गोठ्यातून सुगंधा आली. हात शेणाचे, पदर खोचलेला. नुसतं म्हणाली, "आ, आ, आ..." आणि मंडळी, चिडीचूप! सगळी पाखरं तिच्या पायाशी.

रवळू हसला. "आये, तुझ्यावर न्हाई वरडत ही?"

गुंडू म्हणाला, "कशी वरडतील? म्हातारी रोज शिव्या घालती न्हवं! शिव्या का असंनात, रोजच्या हायत!"

सगळे हसले. रवळूचं हसू मात्र हळूहळू ओसरलं. त्यानं चष्मा काढला.

"सुगंधा, मला कवा वळखतील गं?"

"रोज सांजच्याला हातानं दाणं टाकायचं. म्हैनाभरात वळखतील."

"मला तर परवा जायाचंय."

आनसूबाईनं ते ऐकलं. लेकाकडं बघितलं, सुनेच्या शेणाच्या हातांकडं बघितलं. उठली, आत गेली. सुगंधाला वाटलं, विळी आणणार! आणली काय? सुपात मूठभर ज्वारी. लेकाच्या ओंजळीत ओतली.

"टाक. परवापतूर तरी टाक." मग सुनेकडं वळली. आजवर 'अगं ए' शिवाय हाक नव्हती, मंडळी! म्हणाली, "सुगंधा, बाई, दाव त्याला कसं टाकायचं ते. अंगण तुझं हाय."

"आन काकू, रश्श्याचं?" गुंडूला रश्श्याचीच काळजी!

"वांगी हायत की!"

आता म्हणाल, बुवा, कोंबडी शहाणी ठरली! छे! डॉक्टराला चोर समजणारी ती, तिला कसलं शहाणपण? रवळू वाईट नव्हता. त्याचा जीव घरात होता. पण जीव घरात आणि पाऊल गोव्यात, हे पाखराला कसं कळावं? त्याला रोजचं पाऊल तेवढं कळतं.

आणि तुम्ही हो? देवाच्या अंगणात कधी जाता? वर्षातून एकदा, मोठा हार घेऊन, नवे कपडे घालून! वर म्हणता, मी घरचाच! अरे, हार नको. भांडायचं तर भांडा त्याच्याशी, चार शब्द सुनवा — पण रोज! आणि देवाचं राहू द्या बाजूला. तुमच्या घरात कुणीतरी रोज चूल पेटवते, रोज गोठा झाडते. तिला शेवटचं नावानं कधी हाक मारलीत?

नाही ना आठवत? मग टाळ उद्या वाजवू. आज उठा, घरी जा — आणि आधी ती हाक मारा!