टोपलीभर जुने चष्मे

अरे, आमच्या मंडळाने जुने चष्मे वाटले होते, ते तुला सांगितलं का मी कधी? पन्नास सालानंतरची, घाटकोपरची गोष्ट. गरिबांसाठी म्हणून मी घरोघर फिरून टोपलीभर चष्मे जमवले. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "मेलेल्या आजोबांचे चष्मे कोण घालणार रे? मंडळाचं हसं करशील."

वाटपाला पहिल्या आल्या मालवणकडच्या भागीरथीबाई. त्या एका शिंप्याकडे काजं-बटणं करायच्या. नजर अधू झाली, सुईत दोरा ओवता येईना, म्हणून त्याने काम देणं बंद केलं होतं. बाईंनी सहा चष्मे लावून पाहिले, एकही जुळेना. आप्पासाहेब माझ्याकडे बघून मिशीत हसले. मी टोपलीत आणखी एक शोधला.

सातवा चष्मा लावून त्यांनी सुई समोर धरली. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला. त्यांनी तो काढला आणि पुन्हा ओवून पाहिला. मग वाकून बघणाऱ्या आप्पासाहेबांना म्हणाल्या, "साहेबांनू, कोट काढून देवा. तुमचा वरचा बटन लोंबता हा."

अध्यक्षांनी कोट उतरवला. बटण लावून बाई तिथूनच शिंप्याकडे गेल्या, आणि शर्टांचा गठ्ठा काखेत मारूनच घरी परतल्या.