पाण्याखालचं गवत

पुंडलिकनगरात टँकरच्या रांगेत माझ्यापुढं लासूरहून आलेली मावशी आणि तिची शिकलेली भाची उभ्या होत्या.

"समुद्राच्या तळाला गवत? अन् फुलं बी येत्यात?"

"हो मावशी. वाऱ्यावर ज्वारी डुलते ना, तसं लाटेबरोबर डुलतं."

"अन् तू त्याचं काय करती, तनू?"

"त्यातल्या दोन जाती अगदी सारख्या दिसतात. पानं बघून मीसुद्धा फसते. डीएनए तपासला, की मग वेगळ्या निघतात."

"चाऱ्याच्या छावणीत मी बी फसले बघ. समद्याच गायींची हाडं वर आलेली. आपली चंद्री समजून दुसरीलाच चारत बसले."

"मग कळलं कसं?"

"मागून कुणीतरी माझी पाठ चाटाय लागलं."