एका दमात चालू होत नाही

मिस्त्री: ताईंची गाडी आणि तुम्ही चालवत आणलीत? त्या तर म्हणायच्या, आमचे मिस्टर शेजारी बसून नुसते ब्रेक दाबतात.

नवरा: ती गेली.

मिस्त्री: कुठे?

नवरा: वारली. तीन आठवडे झाले.

मिस्त्री: बसा, भाऊजी. त्या स्टुलावर नको, त्याला तेल लागलंय, इकडे बसा. मला कुणी कळवलंच नाही.

नवरा: कुणाकुणाला कळवायचं ते तिलाच माहीत असायचं.

मिस्त्री: झालं काय एकाएकी?

नवरा: सकाळी सहाला छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागेल म्हणाले. तिला मागच्या सीटवर निजवलं आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरतंय, धरत नाही. फिरवत राहिलो, शेवटी बॅटरी बसली. मग समोरच्यांनी त्यांच्या गाडीतून नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

मिस्त्री: आता या गाडीचं काय करायचं म्हणता?

नवरा: तपासा. मी नवी बॅटरी टाकली. लेक आली होती, तिने सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी चालू. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, होते की चालू." तेव्हापासून धड बोलत नाही. तिला वाटतं, मी उठलोच उशिरा आणि आता सगळा उशीर गाडीवर ढकलतोय. दोष असेल तर दाखवा. म्हणजे तिला सांगता येईल.

मिस्त्री: आज कशी झाली?

नवरा: नवव्या-दहाव्या खेपेला.

मिस्त्री: आणि एकदा तापली की?

नवरा: मग एका दमात होते.

मिस्त्री: मग पेट्रोलचीच भानगड. हा दाब मोजायचा गेज लावला. किल्ली फिरवली, पंप चालला, काटा वर गेला. आता बंद करतो. काट्यावर नजर ठेवा.

नवरा: खाली येतोय.

मिस्त्री: यायला नको. बंद केल्यावरही दाब टिकला पाहिजे. पुन्हा भरतो आणि टाकीकडून येणारी नळी चिमट्याने दाबून धरतो. आता?

नवरा: थांबला.

मिस्त्री: म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर ठीक आहेत. पंपातली झडप गळतेय. रात्रभरात नळीतला दाब उतरतो, पेट्रोल टाकीत परत जातं. सकाळी इंजिनाला वेळेवर मिळत नाही.

नवरा: दोष आहे तर. लिहून द्या मला.

मिस्त्री: देतो. पण भाऊजी, हे मला गेल्या वर्षीच माहीत होतं.

नवरा: म्हणजे?

मिस्त्री: ताई दाखवायला आल्या होत्या. म्हटलं, दोन दिवस ठेवून जा. म्हणाल्या, घरी कळलं तर हे गाडी विकायला काढतील. मग मी युक्ती सांगितली. किल्ली अर्धीच फिरवायची, पंप घुंई करून थांबला की बंद. असं दोनदा. तिसऱ्यांदा स्टार्ट मारायचा. तोवर दाब भरतो. पंपच बदलायला हवा होता. युक्ती सांगून मी मोकळा झालो.

नवरा: मला बोलली नाही कधी.

मिस्त्री: तुम्ही विकायचं म्हणत होता?

नवरा: चार वर्षं म्हणत होतो.

मिस्त्री: लेक शेजारीच बसली होती तेव्हा. आईला हसत होती, कसला मंत्र घालतेस म्हणून. आता तीही तशीच फिरवत असणार. हाताला सवय लागते, का ते कुणी विचारत नाही.

(नवरा गेजकडे बघत राहतो.)

नवरा: त्या सकाळी मी तिला फोन लावला होता.

मिस्त्री: लेकीला?

नवरा: म्हटलं, गाडी चालू होत नाही. ती म्हणाली, "परत फिरवा बाबा, फिरवत राहा." तिला आईचं कण्हणं ऐकू जात होतं.

मिस्त्री: अशा वेळी कुणाला काय सुचतं.

नवरा: आत्ता सुचेल पण. युक्तीचं ऐकलं की तिला लगेच सुचेल, फोनवर काय सांगायला हवं होतं ते.

मिस्त्री: हा घ्या कागद. सही केलीय.

नवरा: फाडून टाका.

मिस्त्री: अहो, मग ती तुम्हालाच धरून बसेल जन्मभर.

नवरा: माझा जन्म किती उरलाय? ती चोवीस वर्षांची आहे.

मिस्त्री: मी बोलू का तिच्याशी? चूक माझी झाली, तसंच सांगतो.

नवरा: तुमचं नाव निघालं की तिला इथला तो दिवस आठवेल, युक्ती आठवेल. नको. पंप बदला. रविवारी ती गाडी न्यायला येणार आहे. किल्ली एकदाच फिरवली तरी चालू झाली पाहिजे.

मिस्त्री: नवा पंप बसला की दोष संपला. मग कुणाला दाखवायला काही राहणार नाही.

नवरा: नाही राहणार.

मिस्त्री: आणि उशीर का झाला, असं तिने विचारलं तर?

नवरा: विचारलंय. कालचा मेसेज आहे. उत्तर द्यायचं राहिलंय. लिहितो, मीच उशिरा उठलो.