मुख्य गटातला मेंदू

गुडघ्याच्या स्कॅनसाठी आलेल्या शिंप्याच्या दोन बाजूंना दोन आया बसल्या होत्या आणि त्याला ओलांडून बोलत होत्या.

“तुमचा मुलगाही संशोधनासाठीच आलाय?”

“हो. पण आमच्या पोरानं आयुष्यात गांजाला हात लावलेला नाही!”

“म्हणजे तो नुसता तुलनेला. माझा मुख्य गटात. सहा वर्षं ओढलाय त्यानं.”

“अहो, हे काय मिरवायचं?”

“चार महिन्यांपूर्वी सोडला, ते मिरवतेय. गांजामुळे मेंदूचे भाग एकमेकांशी नीट बोलत नसावेत, असं डॉक्टर म्हणतात. आता बोलतात का, ते आज बघणार.”

“आणि नाही बोलले तर?”

“माझ्या दोन जावा दहा वर्षं बोलत नव्हत्या. घर चाललंच की!”

“तरी धाकधूक असेलच ना?”

“आहे हो. उतू जाणारं दूध तो उभा राहून बघायचा, पण गॅसकडे हात जायचा नाही.”

शिंप्याला आपला गुडघा फारच सामान्य वाटू लागला.

तेवढ्यात दार उघडून मुख्य गटातला मुलगा बाहेर आला.

“आई, चल. आणि तुझी पिशवी खुर्चीखाली राहतेय बघ.”

तिनं पिशवी उचललीच नाही. आधी शिंप्याला ओलांडून पलीकडे बघितलं.

“ऐकलंत? आता रिपोर्ट येऊ दे सावकाश!”