फळ्यावरचा कॉम्प्युटर

सन्माननीय अध्यक्ष इंदरचंदजी, प्रमुख पाहुणे तोताराम आबा, व्यासपीठावरील संचालक मंडळी, माझे सहकारी आणि हातातलं काम टाकून आलेल्या माताभगिनींनो,

मघाशी वक्ते म्हणाले, सुकदेवभाऊंनी बोदवडच्या आपल्या संस्थेत कॉम्प्युटरयुग आणलं. ऐकताना मला माझीच किळस येत होती. निवृत्तीच्या दिवशी माणसाने गोड बोलावं, हे कळतं मला. पण आज जमणार नाही.

त्र्याण्णव साली कॉम्प्युटर आला. काय केलं आपण? नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, वर जरीचं कापड घातलं. चपला बाहेर. खोलीची किल्ली हेडक्लार्कच्या, म्हणजे माझ्या खिशात. सकाळी मी बटन दाबायचं, हात जोडायचे, संध्याकाळी बंद करायचं. देवाकडे लोक निदान काही मागतात. याच्याकडे आपण एक पत्रसुद्धा मागितलं नाही.

मग प्रशिक्षण. जळगावहून मास्तर आले. ते फळ्यावर खडूने बटनं काढायचे, आम्ही वहीत उतरवायचो. दहा दिवसांनी लेखी परीक्षा, आणि सगळे पहिल्या वर्गात पास. आमच्या छगन शिपायाची आकृती तर मास्तरांहून सुबक. हसताय काय? लाज वाटायला हवी, मला आधी.

त्या वर्गात एकच बाई रोज म्हणायची, मला हात लावू द्या. प्रमिलाबाई. नऊ वर्षं रोजंदारीवर टायपिस्ट. त्यांच्या कागदात चूक शोधून सापडायची नाही. मी म्हणायचो, "बाई, बिघडलं तर जबाबदार कोण?"

यंदा हुकूम आला. जळगावात कॉम्प्युटरची परीक्षा द्या. पास झालात तर कायम, नापास तर घरी. मी सोबत गेलो होतो. बाईंनी दाराशी चपला काढल्या, खुर्चीवर बसल्या, बंद कॉम्प्युटरला हात जोडले आणि बसून राहिल्या. वीस मिनिटं. साहेब येऊन चालू करतील म्हणून. आपल्याकडे ते रोज मीच करायचो ना. परीक्षक तोंडाला रुमाल लावून हसत होते, आणि मी दारातून बघत होतो.

बाहेर आल्यावर बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही माले एक दिन तरी हात लावू दिधा का?"

यावर मी काय करावं? अहवालात लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्यात शिकण्याची कुवत नाही.' खाली सही, शिक्का. एक तारखेपासून त्यांचं काम बंद होतंय.

अध्यक्षमहाराज, तो अहवाल खोटा आहे, असं लिहून हे पत्र आणलंय. गेले चार दिवस मी बाईंना त्या खोलीत बसवलं. चालू कसं करायचं तेवढं दाखवलं, कारण मलाही तेवढंच येतं. बाकी सगळं त्यांनी सोबतची चोपडी वाचून शिकून घेतलं. या पत्राचा मजकूर माझा आहे. कॉम्प्युटरवर टाइप त्यांनी केलंय. त्यांची परीक्षा पुन्हा घ्या, एवढी विनंती.

आपण सगळे आलात, शाल दिलीत, आभारी आहे. तीस वर्षांत काही उणंअधिक बोललो असेन, कोणाला दुखावलं असेल, तर पोटात घाला. ही एक गोष्ट मात्र घालू नका.