सोबतीचं बाक

…अहो, उठू नका, उठू नका! बसा. बसू नका असं म्हणत नाहीये मी, वरची पाटी तेवढी बघा म्हणतेय. हाइल्सफेल्डची पाटी मीच पुढं ओढलीय, म्हणजे गाडी थांबलीच तर ती माझ्यासाठी, तुम्ही दचकू नका. तुमच्याकडं नसतात वाटतं अशी बाकं? कुठल्या तुम्ही — हॅम्बुर्ग? मग कशाला असतील. आमच्याकडं बस म्हणजे शाळेची बस. शाळा चालू तर बस चालू, पोरांना सुट्टी लागली, आत्तासारखी, की म्हाताऱ्यांनाही सुट्टी. म्हणून गावकचेरीनं हे सोबतीचं बाक बसवलं. बसायचं, जायचं त्या गावाची पाटी पुढं ओढायची, आणि त्या बाजूला जाणारा जो कोणी असेल त्यानं थांबायचं. कायदा नाही तसा, पण थांबतात. थांबायचे. — सायकल तिथं नका टेकवू, खाजकुयली आहे मागं. हां, खांबाला लावा. केवढ्या पिशव्या लादल्यात हो! आणि एकट्याच? बरं, बरं. मी तरी कुठं कोणाबरोबर आहे.

तुम्ही वाट चुकलात, ठाऊक आहे ना? नाही, वेशीचा फोटो काढलात ते चांगलंच केलंत, सगळे काढतात, चारशे वर्षांची आहे म्हणे, आम्हाला आपली गवताची गाडी अडकते तेवढंच तिचं कौतुक. पण नदीकाठची सायकलवाट खालून जाते, गिरणीपासून. गिरणीपाशी हिरवी पाटी आहे, तिचा बाण फिरलाय. कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा धक्का लागला असेल. वसंतापासून तशीच आहे, आणि वसंतापासून तुमच्यासारखी माणसं धापा टाकत ही चढण चढून येतात आणि मला विचारतात, नदी कुठाय? नदी! — हसा, हसा. तो बाण सरळ करणारा माणूस आता नाही ना इथं. आन्सेल्म. माझा नवरा. नाही नाही, आहे, जिवंत आहे, हाइल्सफेल्डला असतो. सुतारकाम सोडल्यावर त्यानं हे एक अंगावर घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. थंडी सरली की पाना आणि रंगाचा डबा घेऊन सायकलवर निघायचा, एकेक पाटी पुसायची, सरळ करायची, आणि वाटेत कोणी चुकलेला भेटला की त्याला थेट घरी पाठवायचा. मी अंगणात कपडे वाळत घालत असायची आणि कोणी डच, कोणी डेन, टोपी हातात घेऊन उभा — तुमच्या नवऱ्यानं सांगितलं, इथं पाणी मिळेल. पाणी! केक खाऊन जायचे, झोपा काढून जायचे. मी चिडायची, हो, चिडायची. आता — घ्या ना, आलुबुखारचा आहे. घ्या. त्याच्यासाठी वेगळा बांधून घेतलाय, हा तुमचाच.

आली, आली, बघा, पांढरी गाडी — जरा ताठ बसा, ते हेल्मेट काढा डोक्यावरचं, माणसासारखं दिसू दे. …गेला. बघितलंत? हात केला आणि गेला. तो डीटमार. खिडकीतून काय ओरडला ऐकलंत? "काय वाल्ट्राउट, आज कुठं, अमेरिकेला का?" भारी विनोदी. लहानपणी आमच्या चेरीच्या झाडावरून पडला तेव्हा मीच उचलून नेला होता त्याला, तेव्हा नव्हता एवढा विनोद सुचत. सकाळपासून हेच चाललंय. दूधवाला गेला, पाद्रीबाई गेल्या — त्यांनी तर मान दुसरीकडं वळवली, देवाच्या माणसानं! तुम्ही म्हणाल, काय हे गाव, म्हातारी उन्हात बसलीय आणि कोणी थांबत नाही. तसं नाही हो. गाव वाईट नाही. त्यांचंही बरोबर आहे.

म्हणजे असं — मी बसायची इथं, पाटी पुढं करून. रोज नाही, पण बरेचदा. गाडी थांबायची. काच खाली व्हायची. मग मी विचारायची, आईचा गुडघा कसा आहे, गहू निघाला का, धाकटीला दात आले का. चांगली ऐसपैस चौकशी. आणि त्यांनी दार उघडलं की म्हणायची — तू हो पुढं रे, मी मागच्या गाडीनं येते. एकदा ठीक आहे, दोनदा ठीक आहे. डीटमारनं तर एकदा माझ्यासाठी पुढच्या सीटवरची करवत मागं ठेवली, कुत्र्याला मागं बांधलं, सगळं करून दार धरून उभा, आणि मी म्हटलं, नको, आज नको. तेव्हापासून अमेरिका. गावभर झालं, वाल्ट्राउटला कुठं जायचं नसतं, नुसतं बोलायचं असतं. मी म्हटलं, म्हणू देत. खोटं कुठं आहे? घरात बोलायला कोंबड्या. कोंबड्या ऐकतात, पण उलट विचारत नाहीत काही.

पण आज जायचंय. आज खरंच. म्हणून तर तुम्हाला केक दिला — रागावू नका, खरं तेच सांगते. परकं माणूस बसलेलं दिसलं की गाडी थांबते, सायकलीचं काही बिघडलं असेल असं वाटतं त्यांना. तेवढी एक गाडी येईपर्यंत बसा. उद्या सकाळी आमचा योर्न येणार आहे ब्रेमेनहून, येणार आणि बापाला हाइल्सफेल्डच्या आश्रमातून घेऊन जाणार, तिकडं आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. चांगला आहे म्हणे. मला म्हणाला, आई, तूही चल. चौथ्या मजल्यावर राहतो तो. चौथ्या मजल्यावर मी काय करू, खाली बघू? ब्रेमेन म्हणजे — तुम्हाला काय, तुम्ही सायकलवर जाल, मला ते दुसरं टोक. तेव्हा जे काय भेटायचं ते आज. टॅक्सी? टॅक्सी आदल्या दिवशी सांगावी लागते इथं. आणि आदल्या दिवशी मी ठरवलंच नव्हतं.

का म्हणजे? जायचंच होतं की. रोजच जायचं असतं. कपडे बदलून, केस विंचरून, केक बांधून येते मी इथं, कोणी बोलायला म्हणून एवढी तयारी करतं का? — तुम्ही खा हो. — दार उघडतं ना गाडीचं, आणि मला ती खोली दिसते. तो भांडत नाही, आरडाओरडा नाही, बाकीचे म्हातारे काय काय करतात, तसलं काही नाही. उलट इतका गोड वागतो! मी दारात गेले की उठून उभा राहतो, शर्टाचं बटण लावतो आणि म्हणतो, या बाई, वाट चुकलात का? सायकल कुठं ठेवलीत? त्याला वाटतं मी त्या चुकलेल्यांपैकीच कोणी. मग तो मला वाट सांगतो. एवढी नीट सांगतो, एक वळण चुकत नाही — गिरणीपासून वर, लिंडेनच्या झाडाशी डावीकडं, वेशीतून आत, हिरव्या दाराचं घर. तिथं माझी बायको आहे, तिला सांगा आन्सेल्मनं पाठवलं, ती पाणी देईल. जरा कुरकुरते, म्हणतो, पण देईल.

आणि मी म्हणते, बरं.

काय म्हणणार? पहिल्यांदा म्हटलं होतं, अरे मीच ती. इतका घाबरला! कोण परकी बाई आपल्याला असं म्हणतेय म्हणून. बेल वाजवून नर्सला बोलावलं. तेव्हापासून बरं म्हणते. त्याच्या पलंगाशेजारी एक खुर्ची आहे, खिडकीजवळची, खोलीत तेवढी एकच. मी टेकायला गेले की हात पुढं करतो — माफ करा हं, ही नाही, ही बायकोची आहे, ती येईलच एवढ्यात, बस चुकली असेल तिची. आणि मी उभी राहते. भेटीची वेळ संपेपर्यंत उभी. तो माझ्याशी बोलत असतो आणि एक डोळा दाराकडं. तुम्हाला सांगते, मला माझाच राग यायला लागला होता — त्या दुसरीचा, जिची खुर्ची आहे तिचा. येत का नाही मेली एकदाची! — हे काय बोलून गेले मी. विसरा. तुम्ही परक्या आहात म्हणून. उन्हानं होतं असं.

थांबा. आवाज येतोय का? वळणावरून? …मार्लीसची निळी गाडी, ती शेतातून जेवायला चाललीय. उभ्या राहा बघू, सायकलीकडं बघत उभ्या राहा, चाक बिघडल्यासारखं — थांबली! थांबली हो!

मार्लीस, बाई गं, काही बिघडलेलं नाही यांचं. मीच आहे. नाही, गुडघा नाही विचारत. दात नाही विचारत. हाइल्सफेल्ड. हो, आज. हो, वाल्ट्राउटकाकू खरंच येतेय, हसायला काय झालं? …नाही हसलीस? मग ठीक. जेवायला उशीर होईल तुला. होऊ दे म्हणतेस? बरं. ती पोराची खुर्ची सरकव जरा. माझी पिशवी. केक आहे, उभा नको धरूस.

क्षणभर थांब गं. दार नको लावूस. क्षणभरच. …धर हात. पाय नीट ठेवते. बसले.

उभी राहीन मी. एवढी वर्षं चुलीपाशी उभी राहिले, एक दुपार काय! लिंडेनच्या झाडाशी डावीकडं म्हणाला की म्हणेन, डावीकडं का, बरं झालं सांगितलंत.

आणि तुम्ही काय बघताय अशा? डोळे पुसा, समोर उतार आहे. पाणी हवं असेल तर हिरवं दार उघडंच आहे, घ्या आपल्या हातानं. जा. अहो, जा म्हणतेय ना.